मागीलदारापासून चुलीपर्यंत

१९३२ सालच्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगातील एका राजबंद्याने अधिकाऱ्यांपुढे जी मागणी मांडली, तिने कारागृहाचा सारा शिरस्ताच अडचणीत आणला. बंदिवान मागतो ती बहुधा कामातून सूट, किंवा हलके काम, किंवा निदान आपल्या अब्रूला साजेल असे काम. या बंदिवानाने मागितले ते संडास साफ करण्याचे काम. तो जन्माने ब्राह्मण होता, तत्त्वज्ञानाचा एम.ए. होता आणि उच्चवर्णीय कैद्याला भंगीकाम देता येत नाही हा तुरुंगाचा नियम होता. मागणी नाकारली गेली, तेव्हा त्याने आपले अन्न कमी केले. आणि हे वर्तमान येरवड्याच्या तुरुंगात पोहोचताच, तेथे बंदिवासात असलेल्या गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी त्याच्या समर्थनार्थ उपवास आरंभला. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिले आणि तो उपवास लवकरच सुटला. हा बंदिवान म्हणजे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, ज्यांना सारे कोकण अप्पा या नावाने आणि उर्वरित महाराष्ट्र कोकणचे गांधी या पदवीने ओळखत असे.

या प्रसंगाचा उल्लेख अप्पांच्या चरित्रकथनात सर्वत्र येतो. परंतु त्याचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. ज्या माणसाने तुरुंगात मैला उचलण्याचा अधिकार मागितला, त्यानेच पुढे वीस-एक वर्षांनी, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कणकवलीनजीकच्या आपल्या गोपुरी आश्रमात, मैला कोणालाच उचलावा लागू नये अशा यंत्राची उभारणी चालविली. आणि त्या यंत्रातून निघणारा वायू थेट स्वयंपाकघरातील शेगडीला जोडला. हलके मानलेले काम आपणही करावे, ही मागणी नैतिक होती. ते काम जगातूनच नाहीसे व्हावे, ही तजवीज यांत्रिक होती. आणि या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते ओलांडणारे सुधारक आपल्याकडे फार थोडे झाले. संडासाला जोडलेले गॅसयंत्र हाच या लेखाचा चरित्रनायक आहे. त्याची निर्मिती, त्याचे कार्य, त्याचे दोष आणि त्याची उपेक्षा यांचा हा परिचय.

अप्पांचा जन्म १८९४ साली रत्नागिरीजवळच्या आगरगुळे गावी झाला. काही काळ अध्यापन करून ते साबरमतीस गेले आणि तेथून जे परतले ते कोकणाच्या सेवेसाठीच. १९३० सालच्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे ते एक अध्वर्यू होते. पण सत्याग्रही म्हणून मिळालेल्या कीर्तीपेक्षा मेलेल्या गुरांची कातडी सोलणे, चामडे कमावणे आणि मैल्याचे खत करणे या, समाजाने तोंड फिरविलेल्या, तीन उद्योगांत त्यांचे मन अधिक रमले. १९४८ साली स्थापन झालेला गोपुरी आश्रम ही या तिन्ही उद्योगांची प्रयोगशाळा होती. आज हे स्थळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. परंतु १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत हा मुलूख रत्नागिरीच्याच कचेरीखाली होता, आणि अप्पांचे बहुतेक आयुष्य, १९७१ मधील त्यांच्या निधनापर्यंत, याच अविभक्त रत्नागिरीत गेले.

त्या काळी शहरांतून जी व्यवस्था होती तिचे वर्णन आजच्या वाचकाला असह्य वाटेल, पण ते केल्यावाचून या यंत्राचे मोल कळणार नाही. घराच्या मागे बोळ. बोळाकडे उघडणारे छोटे दार. त्या दाराआड टोपली किंवा डबा. आणि पहाटे येऊन तो डबा झाडूने खरवडून टोपलीत ओतणारा व ती टोपली डोक्यावर घेऊन जाणारा माणूस. पावसाळ्यात टोपली गळत असे. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली, तिने मैला डोक्यावरून वाहण्याची ही पद्धत बंद करण्याची निकड स्पष्टपणे मांडली. आणि तरीही या प्रथेवर बंदी घालणारा देशव्यापी कायदा व्हायला १९९३ साल उजाडले, व तो अपुरा ठरला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. नगरपालिकांच्या लेखी हा प्रश्न झाडू, टोपल्या आणि पगार यांच्या जमाखर्चाचा होता. अप्पांना तो माणुसकीच्या आणि शेतीच्या जमाखर्चाचा वाटला.

शेतीचा म्हणण्याचे कारण असे की, मैला आणि शेण यांच्याकडे घाण म्हणून न पाहता खत म्हणून पाहण्याची एक विचारपरंपरा तोवर दृढ झाली होती. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी पाठविलेले रसायनज्ञ डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात असे बजावले होते की, हा देश आपले शेण चुलीत घालतो हेच त्याच्या जमिनीच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण आहे, आणि रयतेला जळाऊ लाकूड मिळाल्यावाचून ते थांबणार नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. अप्पांनी या विचाराला कोकणच्या भूमीत उतरविले. मैला आणि माती यांचे थर घालून, हवाबंद ठेवून, काही महिन्यांत निर्गंध खत करणारे संडास त्यांनी बांधले व बांधविले. या खताला सोनखत हे जे नाव मराठी शेतकरी देतो त्याचा अर्थ त्यांनी अक्षरशः घेतला.

परंतु खताच्या संडासात एक उणीव राहते. कोणाला तरी तो खड्डा उघडावा लागतो, आणि कुजण्याच्या क्रियेतून जो वायू निघतो तो आकाशात जातो. या दोन्ही उणिवांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडण्याजोगे होते, आणि त्याचा दुसरा धागा घराच्या दुसऱ्या टोकाला, चुलीपाशी होता.

कोकणातील चूल म्हणजे पावसाळी हवेची कसोटी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जेथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे लाकूडफाटा कितीही आधी तोडून, रचून, वर झावळ्या घालून ठेवला तरी त्याला ओल धरल्यावाचून राहत नाही. ओले लाकूड जळत नाही, धुमसते. आणि धुमसणाऱ्या लाकडाचा धूर कौलांतून बाहेर पडेपर्यंत फुंकणी हातात धरून बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत उतरलेला असतो. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो; शेणीचीही तीच गत. उरलेली उष्णता भिंतींना आणि हवेला जाते, आणि अर्धवट जळलेल्या इंधनाचे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड व इतर विषारी द्रव्ये माजघरात कोंडतात. या धुराचे मोजमाप व्हायला मात्र फार विलंब लागला. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर उपकरणे बांधून, त्या श्वासावाटे किती धूर घेतात याची नोंद केली, तेव्हा कुठे कारखान्याच्या धुराड्यावर खिळलेले शास्त्रज्ञांचे लक्ष चुलीकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

याप्रमाणे एका घराच्या दोन टोकांना दोन माणसे आपल्या शरीराने किंमत मोजत होती: मागीलदारी मैला वाहणारा, आणि आत चूल फुंकणारी. एकाला जातीने तेथे बांधले होते, दुसरीला रूढीने. दोघांचेही कष्ट घराला दिसत नव्हते, कारण ते नित्याचे होते. संडासाचा वायू चुलीला जोडण्याची कल्पना या दृष्टीने पाहिली की तिचे खरे महत्त्व ध्यानात येते. ती इंधनाची काटकसर तर आहेच. पण त्याहून अधिक, ती या दोन माणसांची एकाच नळीने केलेली सुटका आहे.

कल्पना अप्पांची नव्हती आणि त्यांनी तसा दावाही केला नसता. दलदलीतून बुडबुडणारा वायू जळतो हे इटलीतील व्होल्टा यांनी १७७६ सालीच दाखविले होते. इंग्लंडातील एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये बंदिस्त सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्या वायूवर दिवे लावले. पण मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण माटुंग्याचे आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने तेथे जो महारोग्यांचा आश्रम उभा राहिला, त्याच्या मैलापाण्यावर मुंबई नगरपालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी प्रयोग केले. टाकीतून निघणारे पाणी आश्रमाच्या शेतीला दिले गेले, आणि १८९७ च्या सुमारास टाकीतील वायू गोळा करून तो दिवाबत्तीसाठी वापरला गेला. ज्यांना शहराने आपल्या वस्तीबाहेर घालविले होते, त्या रुग्णांच्या मैल्यातून प्रकाश निर्माण झाला, आणि तो प्रयोग पुढे कित्येक दशके इंजिनिअरांच्या ग्रंथांतच राहिला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग झाले. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी विहिरीवर तरंगणाऱ्या लोखंडी घुमटाचे सुटसुटीत यंत्र सिद्ध केले. आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने तेच यंत्र देशभर नेले. या सर्वांचे लक्ष मुख्यतः गोठ्यावर होते. शेण पवित्र, त्यामुळे गोबर गॅसवर शिजलेल्या भाताला कोणाची हरकत नव्हती. मैल्याचा वायू चुलीशी आणण्याचे धैर्य करणे ही वेगळी गोष्ट होती, आणि १९५० नंतरच्या त्या दशकात गोपुरीने नेमके ते केले.

आता यंत्राकडे वळू. ते दिसायला अगदी सामान्य असते. जमिनीत खोदलेली, विटांनी बांधून आतून सिमेंटचा गिलावा दिलेली गोल विहीर. तिच्या एका बाजूला शेणकाला ओतण्याची कुंडी, दुसऱ्या बाजूला पचलेला काला बाहेर पडण्याची वाट. आणि विहिरीच्या तोंडावर उपडा घातलेला लोखंडी घुमट. कुंडीत शेण आणि पाणी समसमान घेऊन ते हाताने किंवा काठीने ढवळावे लागते, गवताच्या काड्या आणि खडे वेचून टाकावे लागतात, आणि नंतर कुंडीचे बूच काढले की तो काला नळीवाटे विहिरीच्या तळाशी उतरतो. शौचकूपाची नळी वेगळी. ती भांड्यापासून थेट विहिरीत, उताराने, कोणाच्याही हाताला न लागता जाते. वायू जमू लागला की घुमट मार्गदर्शक खांबाच्या आधाराने वर चढतो. शेगडी पेटली की तो हळूहळू खाली बसतो. घरातल्या पोराटोरांनाही घुमटाच्या उंचीवरून आज किती गॅस आहे हे सांगता येते. मापक यंत्राची गरज पडत नाही. मैल्याच्या यंत्रात पुढे एक सुधारणा झाली: घुमटाची कड काल्यात बुडण्याऐवजी सभोवतालच्या पाण्याच्या वलयात बुडवली गेली, त्यामुळे काला उघड्या हवेला लागत नाही, वास येत नाही, माशा बसत नाहीत.

विहिरीच्या आत जे घडते ते मात्र सामान्य नव्हे. प्राणवायूच्या अभावी जगणारे अनेक जातींचे सूक्ष्मजीव तेथे पाठोपाठ काम करतात. पहिले कण विरघळवतात, दुसरे त्या विरघळलेल्या द्रव्याची आम्ले करतात, आणि तिसरे, जे सर्वांत हळवे आणि सर्वांत मंद, ते त्या आम्लांपासून मिथेन निर्माण करतात. पहिल्यांची गती तिसऱ्यांच्या गतीहून अधिक झाली की टाकी आंबते आणि वायू थांबतो. म्हणून रोज थोडे, रोज नियमाने, हा या यंत्राचा पहिला नियम आहे. निघणाऱ्या वायूत मिथेन सुमारे ५५ ते ६५ टक्के असतो, बाकी बहुतांश कर्बद्विप्राणिद, आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा अल्पसा हायड्रोजन सल्फाइड. पस्तीस अंशांच्या आसपासची उष्णता या जीवाणूंना मानवते आणि पंधरा अंशांखाली ते सुस्तावतात. उत्तर हिंदुस्थानच्या थंडीत जे यंत्र झोपी जाते ते कोकणच्या किनाऱ्यावर बारा महिने जागे राहते, या एका बाबतीत निसर्गाने रत्नागिरीला झुकते माप दिले आहे.

ज्योत निळी, जवळजवळ अदृश्य, काजळीरहित. पातेल्याचे बूड महिनोन्महिने काळे पडत नाही. साध्या चुलीत उष्णतेचा दहावा हिस्सा कामी येतो, तर या शेगडीत निम्म्याहून अधिक. पावसाळ्यात मात्र एक अडचण हमखास येते: वायूबरोबर आलेली वाफ नळीत थंड होऊन पाणी साचते, आणि शेगडी फडफडत विझते. म्हणून नळीला उतार देऊन तिच्या सर्वांत खालच्या बिंदूशी पाणी काढण्याची तोटी ठेवावी लागते. यंत्र बिघडले म्हणून आलेल्या तक्रारींपैकी पुष्कळशा केवळ ती तोटी उघडल्याने मिटतात, हे या यंत्राच्या कारागिरांना चांगले ठाऊक असते.

आता हिशेब. एका माणसाच्या रोजच्या मैल्यापासून सुमारे एक घनफूट वायू मिळतो, आणि एका माणसाच्या रोजच्या स्वयंपाकाला साधारण दहा घनफूट लागतो. अर्थात केवळ संडासावर कोणाचीही चूल चालणार नाही, आणि चालेल असे सांगणारा माणूस यंत्राचा मित्र नव्हे. एक किलो शेण सुमारे सव्वा घनफूट वायू देते. म्हणजे पाच माणसांच्या घराला लागणाऱ्या पन्नास घनफुटांपैकी पाच संडासातून आणि उरलेले पस्तीस-छत्तीस किलो शेणातून मिळवावे लागतात, ज्यासाठी कोकणातील अंगाने लहान असलेली चार-पाच गुरे गोठ्यात बांधलेली हवीत. संडास इंधनात भर घालतो ती थोडी. त्याची खरी भर आहे ती निचऱ्यात. मैला नायट्रोजनयुक्त, शेण व पालापाचोळा कर्बयुक्त. दोन्ही एकत्र पचली की जीवाणूंना समतोल आहार मिळतो आणि बाहेर पडणाऱ्या काल्यात, शेण जाळले असते तर आकाशात गेलेला नायट्रोजन, शिल्लक राहतो. टाकीत काही आठवडे राहिल्याने बहुसंख्य रोगजंतू मरतात; तरी जंताची अंडी चिवट असल्याने तो काला वाळवून किंवा कंपोस्टात मुरवूनच शेताला घालावा, ही खबरदारी घ्यावी लागते. आणि शंभर माणसांच्या वसतिगृहाला, शाळेला किंवा यात्रेच्या ठिकाणी हाच हिशेब अगदी वेगळा फळतो, कारण तेथे मैला ओघाने येतो आणि त्याची विल्हेवाट हीच मुख्य चिंता असते.

यात्रेच्या ठिकाणाचे उदाहरण देहूने घालून दिले. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० साली तेथील आरोग्य केंद्रावर रुजू झाले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांपैकी बहुतेकांचा रोग गावाच्या उघड्या हागणदारीतून येतो. त्यांनी बांधविलेले आरंभीचे संडास पावसात ढासळले. तेव्हा योग्य रचनेच्या शोधात ते अप्पांपर्यंत पोहोचले. त्या भेटीतून आणि मापुसकरांच्या पुढील कित्येक वर्षांच्या सुधारणांतून संडासाला जोडलेले जे गॅसयंत्र निपजले ते मलप्रभा या नावाने ओळखले जाते, आणि देहूतील सफाईचे शिक्षण देणाऱ्या तंत्रनिकेतनाला अप्पा पटवर्धनांचेच नाव आहे. मापुसकरांचे निधन २०१५ साली झाले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बिहारात बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने १९८२ मध्ये पाटण्याच्या सार्वजनिक शौचालयाला गॅसयंत्र जोडले, त्याचा बोलबाला देशभर झाला. गोपुरीचा मात्र झाला नाही. प्रसिद्धीची कला अप्पांना अवगत नव्हती, किंवा अवगत असूनही ती त्यांनी वर्ज्य केली होती.

मग हे यंत्र घराघरांत का गेले नाही? त्याचे दोष लपविण्यात अर्थ नाही. खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात लोखंडी घुमट गंजतो. दरवर्षी खरवडून रंग दिला नाही तर त्याला छिद्र पडते, आणि छिद्र पडलेला घुमट दुरुस्त करून घेण्यापेक्षा तो तसाच सोडून देणे लोकांना सोपे जाते. म्हणून पुढे विटांचा स्थिर घुमट असलेले जनता आणि दीनबंधू हे प्रकार आले व १९८१-८२ पासूनच्या राष्ट्रीय योजनेतून त्यांचा प्रसार झाला. गंजाचा प्रश्न मिटला, पण गवंड्याच्या हाताचे कौशल्य निर्णायक झाले, कारण विटांच्या घुमटातील केसाएवढी भेगही वायू टिकू देत नाही. शिवाय संडासात ओतलेले फिनाईल किंवा आम्ल टाकीतल्या जीवाणूंचा संहार करते, आणि बादलीभर पाण्याने धुण्याची सवय टाकीतील काला पातळ करून त्याचा मुक्काम कमी करते. उभ्या उताराचे भांडे दीड-दोन लिटर पाण्यात स्वच्छ होते, पण तेवढ्याच पाण्यावर समाधान मानण्याची सवय लावून घ्यावी लागते.

यापेक्षाही मोठे कारण घरांच्या स्थितीत आहे. चाकरमानी मुंबईस गेले, गोठे ओस पडले, आणि ज्या घरात दोन म्हातारी माणसे आणि एक गाय उरली आहे त्या घराला पस्तीस किलो शेण रोज कोठून मिळणार? २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर वाड्यावाड्यांत पोहोचला, आणि धुराच्या दृष्टीने ते निःसंशय कल्याणाचेच झाले. फक्त सिलिंडर भरून आणण्याचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी जुनी चूलही त्याच्या शेजारी जळत राहिली. तरीही जेथे गुरे आहेत आणि कोणीतरी कारागीर दुरुस्तीला येतो, तेथे यंत्र टिकते याचा दाखला दक्षिण कोकणातच आहे: कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गावोगाव बायोगॅस यंत्रे उभी करून दाखविली आहेत.

शहरात मात्र या विचाराला वेगळे वळण मिळते. रत्नागिरीसारख्या गावांतून नव्या घराखाली सेप्टिक टाकी असते, आणि सेप्टिक टाकी म्हणजे अर्धवट सोडलेले गॅसयंत्रच होय. मैला तेथेही कुजतो, मिथेन तेथेही निर्माण होतो. पण तो उंच नळीवाटे हवेत सोडला जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कर्बद्विप्राणिदाच्या २५ पटींहून अधिक आहे. टाकीतून झिरपलेले पाणी जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून कोठे जाते हे पाहायचे असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस शेजारच्या विहिरीचे पाणी तपासावे. टाकी भरली की टँकर येतो. आणि ज्या ठिकाणी टँकरची नळी पोहोचत नाही तेथे अजूनही माणूस उतरतो. कायद्याने बंद केलेली टोपली अशा रीतीने जमिनीखाली गेली, नाहीशी झाली नाही.

धुराविषयीही आपली दृष्टी अशीच एकांगी राहिली. जयगडचे १२०० मेगावॅटचे कोळशावरील वीज केंद्र, त्याचे उंच धुराडे, आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या राखेविषयी बागायतदारांनी व्यक्त केलेल्या शंका, हा सारा वाद वृत्तपत्रांतून वाजला आणि वाजायलाच हवा होता. हवेतील सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा भारताने प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम ठरविली आहे, तर जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते, ही तफावतही चर्चेस पात्र आहे. परंतु भातशेतीच्या तरव्यावर पालापाचोळा आणि फांद्या जाळण्याची भाजावळ, बाजारपेठेच्या कडेला पेटविलेला कचरा, आणि परसात पाणी तापविणारा बंब या धुराला धुराडे नसते, म्हणून त्यावर खटला चालत नाही. तो धूर जिच्या अंगावर येतो ती कचेरीत अर्ज घेऊन जात नाही.

या यंत्राचे मूल्यमापन करताना त्याने किती घनफूट वायू दिला एवढेच मोजणे म्हणूनच अपुरे आहे. इंजिनिअर त्याला इंधनाचे साधन म्हणून मोजतो आणि सिलिंडराच्या तुलनेत नापास करतो. नगरपालिका त्याला सांडपाण्याचे साधन म्हणून मोजते आणि मोठ्या प्रकल्पाच्या तुलनेत क्षुल्लक ठरविते. शेतकी खाते त्याला खताचे साधन म्हणून मोजते आणि युरियाच्या पोत्याशी ताडून पाहते. तिन्ही खात्यांची दप्तरे वेगळी असल्यामुळे तिन्ही लाभांची बेरीज कोणत्याच दप्तरात होत नाही. अप्पांनी ती बेरीज केली होती, कारण त्यांनी हिशेबाचा आरंभच वेगळ्या ठिकाणाहून केला होता: कोणत्या माणसाच्या अंगावर हे काम पडते, आणि ते त्याच्या अंगावरून कसे उतरवता येईल. त्या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र गॅसयंत्रच असेल असे नाही. कोठे ते नगरपालिकेचे मैलाशुद्धीकरण केंद्र असेल, कोठे साधा दोन खड्ड्यांचा संडास, कोठे विजेची शेगडी. पण रत्नागिरीत उद्या मैल्याची किंवा इंधनाची जी योजना मंजुरीला येईल, तिच्या कागदांत यंत्राची क्षमता आणि खर्चाचा तपशील असणारच. तिच्यात टाकीत कोण उतरणार आणि धूर कोण गिळणार, याचेही उत्तर लेखी मागण्याचा अधिकार नागरिकांना आहे, आणि ते उत्तर मिळेपर्यंत मंजुरी रोखून धरणे हे त्यांचे कर्तव्य आहे.